स्वावलंबी विद्यार्थी मंच, अध्यक्ष मीच

४ ऑगस्ट, सोमवार. अमरावती.

कॉलेजचा पहिला दिवस. डोकं फिरलेलं आहे.

हॉलमध्ये स्वागत समारंभ. प्रत्येकाला एकेक गुलाब. गुलाब शिळा होता. आमच्या घरी भाजी आणि फुलंच लावतात, मला शिळ्या फुलात कोणी फसवू नये. पण राग त्याचा नाही. रागिणी मॅडम म्हणून एक फिजिक्सच्या बाई आहेत. त्या माइकवर आल्या आणि म्हणाल्या, ज्यांच्या घरातून कॉलेजात येणारे तुम्हीच पहिले, त्यांनी हात वर करा. तुम्ही आमचे ‘प्रथम पिढी विद्यार्थी’. तुमच्यासाठी आपल्याकडे ‘सोबत कक्ष’ आहे, काही अडलं तर या.

पहिली पिढी! म्हणजे आमच्या मागं पिढ्याच नव्हत्या? माझ्या आजोबाचे आजोबा अकोटच्या अलीकडं त्याच वावरात वांगी लावत होते. मग ती कोणती पिढी, मायनस चार?

अर्ध्या हॉलनं हात वर केले. मी नाही केला. रूममेट नागसेननं तर दोन्ही हात केले. हा अकोल्याचा, घर जठारपेठेत, वडील ऑटो चालवतात. लाज नावाची गोष्ट नाही. वर मलाच विचारतो, “अबे, तू काहून नाही केला?”

खांदा दुखते म्हणून सांगितलं.

७ ऑगस्ट.

संकल्प. युनिव्हर्सिटीत पहिला यायचं. दिवाळीपर्यंत फाडफाड इंग्रजी. कोणाचीही मदत घ्यायची नाही. ही रोजनिशी इंग्रजीत लिहायची (उद्यापासून).

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. अपेक्षा नावाची मुलगी, थर्ड इयर, दर्यापूरकडची. म्हणे, सोबत कक्षानं मला तुझी मेंटर केलंय. मी हात वर केला नव्हता, तरी! म्हणे, हात वर न करणाऱ्यांना आम्ही आधी फोन करतो.

वर म्हणाली, “काही अडलं तर सांगजो.”

अडायले मी काय चिखलातला ट्रॅक्टर आहो? फोन कट केला. मग लक्षात आलं, लायब्ररीचं कार्ड कुठं मिळते ते विचारायचं राहिलं. पण आता विचारणं शोभत नाही.

८ ऑगस्ट.

टुडे आय ॲम व्हेरी ॲंग्री.

पुढचं मराठीत लिहितो, रागात इंग्रजीला वेळ लागते.

१८ ऑगस्ट.

टाइमटेबलमध्ये दुपारी रोज ‘टूटोरिअल’ लिहिलेलं असते. मी जात नाही. अकोटला बस स्टँडसमोर मोठा बोर्ड होता, अमुक टूटोरिअल्स, दहावी-बारावी नापासांसाठी खास. तिथं कोण जात होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. मी बारावीला शाळेतून दुसरा आहे. मी नापासायच्या रांगेत बसणार नाही.

नागसेन रोज जातो. आज म्हणे, “चाल ना लेका, सर चांगलं समजावून सांगतात.”

म्हटलं, तू जा. तुले गरज आहे.

त्या वेळात मी लायब्ररीत बसतो. कार्ड नाही, त्यामुळं पुस्तक घरी नेता येत नाही, पण तिथं बसून वाचता येते. जाड इंग्रजी पुस्तक घेतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. थर्मोडायनॅमिक्सचं पहिलं पान जवळपास पाठ झालं. अर्थ पुढच्या पानावर असेल.

२६ ऑगस्ट.

केमिस्ट्रीचे सर मुद्दाम भरभर इंग्रजी बोलतात. सगळे मान हलवत होते, मीही हलवली. सरांना माझीच मान दिसली. बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी ठणकावून “येस सर” म्हटलं. तो येसवाला प्रश्न नव्हता. ‘कोणतं ॲसिड’ असा होता. वर्ग हसला.

मान हलवणाऱ्या साठ डोक्यांतून एकच धरायचं, याला पक्षपात म्हणतात.

लॅबमध्ये पिपेट तुटली. आधीच तडा गेलेला असावा.

११ सप्टेंबर.

पुरे झालं. आज सोबत कक्षासमोरून जाताना आतून हसण्याचा आवाज आला. चहा चालू होता. नागसेन आत बसून कोणाकडून तरी इंग्रजी प्रॅक्टिकल बुक समजून घेऊन राहिला होता. गरीब पोरांना असं बसवून, चहा पाजून, कमजोर असल्याचं शिकवतात. याच्याविरुद्ध कोणी तरी उभं राहायला पाहिजे.

स्थापना केली: स्वावलंबी विद्यार्थी मंच. अध्यक्ष मी. सदस्य शुभम, आमच्या मेसमधला, बी.ए. फर्स्ट इयर. शुभमनं विचारलं, मंचाची सहल निघते का. म्हटलं निघेल. तो म्हणे जंगलात सेमाडोहला नेशील तं मी सचिव होतो. सचिव केलं.

१६ सप्टेंबर.

प्रिन्सिपॉलना द्यायचं निवेदन तयार. मागणी एकच: सोबत कक्ष ताबडतोब बंद करा, तो आमच्या स्वाभिमानाचा अपमान आहे. वजन पडावं म्हणून इंग्रजीत लिहिलं. एकदा कोणाच्या नजरेखालून जायला पाहिजे होतं. शुभमचं इंग्रजी माझ्याहून खराब. नागसेनला विचारणं शक्य नाही. शेवटी अपेक्षाला दाखवलं. ही मदत नाही. याला प्रूफ रीडिंग म्हणतात.

ती कँटीनमध्ये बसून शांतपणे वाचत गेली. मी ‘आम्ही असहाय नाही’ याचं ‘वुई आर नॉट हेल्पफुल’ केलं होतं, ते तिनं बदललं. खाली सही कुठं करायची ते सांगितलं. ऑफिसात देताना आपल्या कॉपीवर शिक्का मारून घेजो म्हणाली. मग पेन गालाला लावून विचार करत म्हणे, “मुद्दा कमजोर आहे रे तुझा. कक्ष उघडतो चार वाजता. खेड्यावरून अपडाऊन करणाऱ्या पोरींची एस.टी. त्याच टायमाला सुटते. त्यांना येताच येत नाही. हे टाक, यानं वजन येईल.”

टाकलं.

तिला थोडं तरी वाईट वाटायला पाहिजे होतं. तिच्याच कक्षाविरुद्ध होतं ते! तिनं चहासुद्धा पाजला. लोकांना भांडताही येत नाही.

२५ सप्टेंबर.

संताप. संताप. संताप.

प्रिन्सिपॉलनी निवेदन मान्य केलं. म्हणजे माझा मुद्दा नाही, एस.टी.चा. आता सोबत कक्ष सकाळीपण उघडणार. म्हणजे मी बंद करायला सांगितलं आणि त्यांनी दुप्पट केला!

आणि रागिणी मॅडमनी माझं निवेदन कक्षाच्या बोर्डावर लावलं आहे. वर मोठ्या अक्षरात: ‘अर्ज कसा लिहावा – उत्तम नमुना’. खाली माझी सही, अध्यक्ष म्हणून. पोरी तिथं उभ्या राहून उतरवून घेऊन राहिल्या होत्या. एकीनं मला ओळखून “थँक यू दादा” म्हटलं. अंजनगावहून येते म्हणे, सकाळच्या टायमाचं लय बरं झालं.

मी काही बोललो नाही. पण मनातून खूप बोललो.

१० ऑक्टोबर.

क्लास टेस्ट. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. तिन्हीत पेपर चुकीचे तपासले आहेत. नागसेन तिन्हीत पास. मी त्याचं अभिनंदन केलं नाही, कारण त्यानंच म्हटलं, “पेपरातले अर्धे सवाल टूटोरिअलमधले होते बे.” म्हणजे पेपर फुटला होता! रोज दुपारी, उघड्यावर, कॉलेजच फोडत होतं.

तक्रार करणार होतो. अध्यक्षाच्या नावानं दुसरं निवेदन. मग ते पण बोर्डावर लावतील म्हणून थांबलो.

शुभमनं सचिवपदाचा राजीनामा दिला. सेमाडोह होत नाही आणि सोबत कक्षात चहा मिळतो. तत्त्व नावाची गोष्ट नाही.

२२ ऑक्टोबर. घरी.

दिवाळी. घरी सगळे खुश. बाबांना सांगितलं की मी कॉलेजात संघटनेचा अध्यक्ष आहे आणि माझं लिहिलेलं बोर्डावर लावलं आहे, बाकीची पोरं त्यावरून शिकतात. यात एक शब्द खोटा नाही.

बाबांनी अकोटच्या बाजारात सगळ्यांना सांगितलं. झेंडू घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा. “आमचा गजा अमरावतीले दुसऱ्यायले शिकोते.” मी दुरुस्त करणार होतो, पण गर्दी होती. माय भेदरं तोलता तोलता माझ्याकडं पाहत होती. तिनं एवढंच विचारलं, “अन् तुले कोन शिकोते रे?”

म्हटलं मी स्वतः.

“बरं,” म्हणाली, आणि पारड्यात अजून एक भेदर टाकलं.

अमरावतीत मी टोमॅटो म्हणतो. घरी आल्यावर तोंडात भेदरंच येते. याचाही राग येतो.

१२ नोव्हेंबर.

नोटीस लागली. टर्म ग्रँट नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, तिन्हीसमोर माझं नाव. परीक्षेला बसता येणार नाही. कारण: टूटोरिअलला शून्य हजेरी.

शून्य!

टूटोरिअलला हजेरी असते? मार्क असतात? हे कोणी सांगितलं? कुठं लिहिलं? नागसेन म्हणाला, “पहिल्याच दिवशी सांगतलं ना लेका मॅडमनी, सोबत कक्षात.” म्हणजे ज्यानं हात वर केला त्यालाच सांगायचं. ज्याच्या घरी बाप प्रोफेसर, त्याला जेवताना कळते. आणि आमच्यासारख्यानं कुठून आणायचं? टाइमटेबलवर चार अक्षरं लिहिली म्हणजे झालं? बोर्ड तर अकोटलाही लिहिलेला होता!

ऑफिसातल्या खिडकीवर जाऊन भांडलो. खिडकीतले म्हणाले पालकांना घेऊन या. म्हटलं पालकांचा काय संबंध. ते म्हणाले फोन गेला आहे.

१३ नोव्हेंबर.

बाबांचा फोन. अतिशय शांत आवाज. म्हणजे वाईट आहे. “सोमवारी येऊन राहिलो. मायही येते. पाहतोच मी त्या कॉलेजले.”

अपेक्षाचे फोन येऊन राहिले. उचलले नाहीत.

१६ नोव्हेंबर.

प्लॅन पक्का. सकाळच्या अकोट गाडीला स्टँडवर उभं राहायचं. बाबांना सांगायचं, कॉलेजची चूक होती, दुरुस्त झाली. अंबादेवीचं दर्शन, नाश्ता, दुपारच्या गाडीनं परत. कॉलेजचं तोंडही दिसू द्यायचं नाही. प्लॅनमध्ये कुठंही छिद्र नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

गाडीच्या आधी स्टँडवर पोचलो. पण बाबा अकोट गाडीची वाट न पाहता अकोल्यावरून गाडी बदलून आले. आमचे बाबा, म्हणजे खुशालराव, एका जागी वाट पाहणारा माणूस नाही. मी स्टँडवर अकोट गाडी शोधत होतो आणि नागसेनचा फोन आला, “अबे, तुहे बाबा रागिणी मॅडमसमोर आहेत. लवकर ये. आवाज बाहेर येऊन राहिला.”

पळत गेलो.

सोबत कक्ष मी आतून पहिल्यांदाच पाहिला. लहान खोली. टेबल, चार खुर्च्या, चहाची किटली, आणि भिंतीवर माझं निवेदन. रागिणी मॅडम टेबलामागं. अपेक्षा खिडकीशी. माय दारातच उभी, हातात भाजीची पिशवी, वर संभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी डोकावत होती. आणि बाबा मधोमध. खुर्ची दिली तरी बसले नव्हते.

“मॅडम, माह्या पोराले तुमी बसू देत नाही? अन् थो इथं दुसऱ्यायले शिकोते! अध्यक्ष हाये थो! थे पाहा, भिंतीले लावलं हाये तुमीच. आमाले कोणाची मदत लागत नाही. आमच्या घरचं कोणी आजवर कोणाच्या दारात गेलं नाही. तुमीच पेपर गलत तपासले असन! तुमीच पोराच्या मांगं लागले असन!”

कॉरिडॉरमध्ये पोरं जमली होती.

मला राग आला. खूप आला. पण तो कोणावर काढायचा ते सापडेना. बाबांवर काढायला गेलो तर बाबा सगळं माझंच बोलत होते. माझेच शब्द, माझाच आवाज, फक्त जास्त मोठा. आणि मला ते ऐकवत नव्हतं. समोर मॅडम ऐकत होत्या, आणि बाबांची मान शर्टाच्या कॉलरवर लाल झाली होती. घरून निघताना नवीन शर्ट घातला होता. कॉलेजात जायचं म्हणून.

बाबा दम घ्यायला थांबले तेवढ्यात माय आत आली. त्यांनी न घेतलेली खुर्ची ओढून बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, “बाई, टूटोरिअल म्हंजे का असते वो?”

मॅडम खुर्चीतून थोड्या पुढं झाल्या.

मॅडमनी सांगितलं. वर्गात पोरं खूप असतात, विचारायचं राहून जाते. म्हणून दुपारी थोड्या थोड्या पोरांना घेऊन सर बसतात. ज्याला जे नाही समजलं ते तो विचारतो. त्याची हजेरी असते, मार्क असतात.

“म्हंजे विचाराचा तास,” माय म्हणाली.

“हो. विचारायचाच तास.”

“अन् थो सगळ्यायसाठी असते? का नापासायसाठी?”

“सगळ्यांसाठी असतो.”

बाबा माझ्याकडं वळले. “गजा, बाई खरं बोलून राहिली?”

माझ्याजवळ कारणं तयार होती. तडा गेलेली पिपेट, पक्षपात, फुटलेला पेपर, दुखता खांदा. एकही बाहेर आलं नाही.

“हो,” म्हटलं.

“मंग तू जात काहून नव्हता?”

“मले वाटलं... अकोटच्या बोर्डावर असते तसं... नापासायसाठी असते. बाबा, मले काहीच समजत नव्हतं. वर्गात, लॅबमध्ये, कुठीच. मी कोणाले शिकवत नाही. मंच-गिंच काही नाही, मी एकटाच आहो.”

हे मी वऱ्हाडीत बोललो. सगळ्यांसमोर. दारात नागसेन होता, शुभमही होता. कोणी हसलं नाही. त्याचाही मला थोडा राग आला.

बाबा बाजूच्या खुर्चीत बसले, जणू कोणी तरी वरून दाबलं. खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि मॅडमकडं न पाहता म्हणाले, “मलेबी थेच वाटलं असतं.”

अपेक्षानं चहा ओतला. बाबांच्या हातात कप देत म्हणाली, “काका, माझे बाबा पहिल्या वर्षी प्रिन्सिपॉलच्या अंगावर धावून गेले होते. माझी लॅबची हजेरी नव्हती. मले वाटे, ॲप्रन नसन तं आत घेत नाहीत. म्हणून बाहेर उभी राहत होती. कोणाले म्हटलंच नाही.”

बाबांनी विचारलं, “मंग?”

“मंग काही नाही. या मॅडमनी मले आत नेलं.”

मॅडमनी सरांशी आधीच बोलून ठेवलेलं होतं. उरलेल्या एकूणएक टूटोरिअलला बसायचं, राहिलेल्या प्रॅक्टिकल रोज सकाळी पूर्ण करायच्या, अपेक्षा सोबत बसेल. तिन्ही सर तयार आहेत. एकही तास चुकला तर यंदाची परीक्षा गेली. “जमेल का?” असं त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. मग म्हणाल्या, मान नको, तोंडानं सांग.

“जमन,” म्हटलं.

मायनं निघताना पिशवीतली निम्मी भाजी मॅडमच्या टेबलावर ओतली. मॅडम नको नको म्हणत राहिल्या, माय म्हणाली शिळी नाही हो, आजच तोडली.

स्टँडवर अकोट गाडीत बाबांच्या बाजूला ओळखीचा माणूस निघाला. त्यानं विचारलं इकडं कुठं. बाबा खिडकीतून माझ्याकडं पाहत म्हणाले, “पोराच्या कॉलेजात मीटिंग होती.” गाडी सुटली.

१८ नोव्हेंबर.

नवीन सुरुवात. टूटोरिअलला वेळेच्या आधी जाऊन बसलो. पहिल्या बाकावर. नवीन वही, दोन पेनं. आता सगळ्यांना दाखवायचं. युनिव्हर्सिटीत पहिला नाही तर निदान वर्गात पहिला.

सर आले. फळ्यावर एक आकृती काढली. मला समजली नाही. सरांनी विचारलं, कोणाला काही शंका? मी हात वर केला. खांदा काही दुखला नाही. उभा राहिलो आणि विचारलं, सर, हे एन्ट्रॉपी म्हणजे नेमकं काय असते?

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. वर्ग पाहायला लागला. सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पण हा बॉटनीचा टूटोरिअल आहे. ही फुलाची आकृती आहे. फिजिक्सचा बाजूच्या खोलीत असतो.

सगळे हसले. बॉटनीचे सरसुद्धा.

वही उचलली, पेनं उचलली. आज फळ्यावरचं फूलपण मला ओळखू आलं नाही. कॉरिडॉरमध्ये आलो. दोन्ही बाजूंना खोल्या. सगळी दारं सारखी, सगळ्या दारांतून सरांचे आवाज. ऑगस्टपासून मी या मजल्यावर आलोच नव्हतो.

परत वळलो. दारातून डोकं आत घातलं.

“सर,” विचारलं, “बाजूच्या म्हंजे कोणत्या?”